कुसळीचा माणूस

आजऱ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगावर बेरकळवाडी आहे. तिथं अनोळखी जीप येऊन थांबली आणि उतरणाऱ्याच्या हातात घडी घातलेला सदरा दिसला, की वाडीतलं कुणी "पावणं, कुणाकडं?" असं विचारत नाही. नुसतं बोट वर करतात. वरच्या अंगाला निळ्या पत्र्याचं घर आहे, दारापुढं गवताच्या पेंढ्या उभ्या केलेल्या असतात. ते झुंबरबाईचं घर.

झुंबरबाई गवताची माणसं बांधते.

हे ऐकून शहरातल्या माणसाला बुजगावणी आठवतील. तसं तिच्या तोंडावर कुणी म्हणून बघावं. एकदा एक वर्तमानपत्रवाला "लोककला" म्हणत फोटो काढायला आला होता, त्याला तिनं हातातला विळा खाली न ठेवताच आल्या वाटेनं परत लावला. तिचं काम वेगळं. माणूस मेला, पण मढं हाताला लागलं नाही, नदीनं नेलं किंवा दरीनं ठेवून घेतलं, तर अग्नी कशाला द्यायचा? भटजी दर्भाचा पुतळा करून देतात, शास्त्राला तो पुरतो. पण वीतभर काडीला बा म्हणून हाक मारायची तर घशातून शब्द फुटत नाही. आमच्या डोंगराकडच्या माणसाला बाएवढा बा लागतो. तो झुंबरबाई बांधून देते, अंगात सदरा आणि डोक्याला पटका घालून.

गवत लागतं ते कुसळीचं. डोंगरउतारावरचं हे आपलं जुनं गवत. कुणी पेरत नाही, कुणी पाणी दाखवत नाही. वणव्यात जळून काळं होतं, जनावरं बुडापर्यंत खातात, आणि पुढच्या पावसाला त्याच ठोंबातून छातीएवढं उभं राहतं. वाडीच्या वरचे कित्येक ठोंब आज हयात असलेल्या कुठल्याही माणसापेक्षा जुने आहेत. दिवाळीच्या सुमाराला त्याला लांब शेपटीची काळपट कुसळं धरतात. त्यातलं एक ओलं करून तळहातावर ठेवलं, तर ते आपलं आपण गरगर फिरायला लागतं. पीळ सुटतो म्हणून फिरतं, असं शाळेतले गुरुजी सांगतात, आणि ते खरंच आहे. पण दव पडलेल्या सकाळी पडवीत टेकवून ठेवलेला गवताचा माणूस छातीवरचा हात हळूच बाजूला घेतो, तेव्हा गुरुजींचं सांगणं उपयोगी पडत नाही. झुंबरबाई अशा वेळी त्याला दटावते. "गप बस. झालंच आता," म्हणते, आणि हात परत जागेवर ठेवते.

हे काम तिच्याकडं सासऱ्याकडून आलं. सासरा घरं शाकारायचा. पुढं कौलं आली, मग पत्रे आले, शाकारणी बंद पडली आणि हातातलं कसब रिकामं झालं. हिरण्यकेशीत बुडालेल्या एका माणसासाठी त्यानं पहिला माणूस बांधला. त्याची बोटं वाकडी झाल्यावर सुनेनं हात घातला. बाईनं असलं काम करावं का, यावर चार दिवस वाडीत कुजबुज झाली. मग पुराचं वर्ष आलं आणि कुजबुजणाऱ्यांनीच शिरोळकडचे पाहुणे तिच्या दारात आणून सोडले. सीमेवरच्या गावातून चनबसाप्पा आणि रत्नव्वा म्हणून जोडपं आलं होतं, त्यांचा थोरला मुलगा कृष्णेनं नेला होता. रत्नव्वा म्हणाली, "अक्का, आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरत्यात." झुंबरबाईनं असं कधी केलं नव्हतं. पण दिवसभर खपून तिनं मांडी घातलेलं पोर बांधून दिलं. रत्नव्वा जीपमध्ये त्याला मांडीशी धरूनच बसली.

या कामाचे नियम कडक. ठोंब उपटायचा नाही, बुडाच्या चार बोटं वर विळा लावायचा. मूळ आलं तर गेलेला पुरता जात नाही. बांधताना त्याच्याशी बोलत राहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की गळ्याची गाठ बांधणाऱ्यानं मारायची नाही. ती रक्ताच्या माणसानं मारायची. तोवर ते नुसतं गवत असतं. गाठ बसली की माणूस.

एकदा चूक झाली होती. पुरात हरवलेल्या एकाचा माणूस तिनं बांधला, भावानं गाठ मारली, अग्नी दिला. दोन दिवसांनी तो गडी पूरग्रस्तांच्या छावणीत जिवंत सापडला. घरात पेढे वाटले. पण गडी जेवेना, बोलेना, भिंतीकडं तोंड करून बसून राहिला, आणि महिन्याच्या आत खरोखरच गेला. डॉक्टरांनी हाय खाल्ली म्हणून सांगितलं. झुंबरबाईला कारण ठाऊक होतं. तेव्हापासून ती दारात आलेल्याला परत परत विचारते, "गेलाय हे नक्की न्हवं? पोटात न्याहाळून बघा आन मग सांगा."

आता कुणाच्याही मनात येईल तोच प्रश्न. झुंबरबाईचा नवरा आण्णा त्याच डोंगरात नाहीसा झाला, त्याला आता पुष्कळ वर्षं लोटली. मग त्याचा माणूस तिनं का बांधला नाही?

आण्णा कार्तिकात गवत कापायला वर गेला होता. धुकं दाट होतं. दुपारपर्यंत भाकरीला आला नाही म्हणून झुंबरबाई वर गेली, तर भारा बांधून उभा केलेला होता, वर दोरीचं वेटोळं नीट ठेवलेलं होतं, आणि आण्णा नव्हता. वाडी हिंडली, वनखात्याची माणसं हिंडली, कड्याखाली उतरून पाहिलं. कुणी गव्यानं उडवला म्हणालं, कुणी बिबट्या म्हणालं. रक्ताचा थेंब नाही की फाटकी चिंधी नाही. विळाही मिळाला नाही. मुलगी मोना तेव्हा शाळेत होती.

पुढच्या वर्षी झुंबरबाई त्याच उतारावर गेली आणि थबकली. सगळं रान उभं होतं, मधेच अंगणाएवढा तुकडा कापलेला होता. वाडीतलं अजून कुणी वर आलेलं नव्हतं. ती खाली बसली. गवताचे खुंट तिरके कापलेले, पण कापाचं तोंड उलट्या अंगाला. आण्णा डावखुरा होता. त्याच्यासाठी लोहारानं विळ्याला मुद्दाम उलटी धार काढून दिली होती, आणि सगळ्या पंचक्रोशीत तसा काप दुसऱ्या कुणाचा पडत नव्हता. तिनं खुंटावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं.

"अवो," तिनं हाक मारली.

इतका वेळ वाऱ्याची म्हणून तिनं कानाआड केलेली जवळचीच खसखस एकदम थांबली. हाक आल्यावर माणूस हातातलं काम थांबवतो, तशी थांबली. झुंबरबाई उठली आणि मागं न बघता घरी आली. त्यानंतर दर कार्तिकात तो तुकडा कापलेला सापडायचा. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, येडी म्हणाले असते. पण ज्याचा काप अजून ओला आहे, त्याच्या गळ्याला गाठ मारायची कशी?

मोना मोठी झाली. बिद्रीकडच्या चांगल्या घरात दिली. जावई ऋतुराज मिळवता, शांत स्वभावाचा. पण मोनाच्या पोटी मूल टिकेना. दोन खेपा गेल्या. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनी तपासण्या केल्या, सगळं ठीक आहे म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला सातवा लागला आणि मोनाची सासू अंबूबाई लेकसुनेला घेऊन बेरकळवाडीला आली.

अंबूबाई काही दुष्ट बाई नव्हे. सुनेच्या दोन्ही आजारपणांत तिनं रात्रंदिवस उशाशी बसून काढले होते. बोलता बोलता तिचेच डोळे भरून आले.

"ईनबाई, राग मानू नगासा. देवऋषाकडं जाऊन आलो. तुमचं मालक अधांतरी हायत म्हणतोय. ना हिकडं, ना तिकडं. एकल्या जिवाला करमंना, म्हणून लेकीच्या पोटाकडं येत्यात. सोबतीला न्ह्यायला. त्यास्नी अग्नी द्या म्हणतोय, न्हायतर ह्येबी पोर हाताला लागायचं न्हाय."

झुंबरबाई म्हणाली, "त्ये गेल्यालं न्हाईत."

"मग कुटं हायत?" मोना एकदम बोलली. "साऱ्या मुलखाची माणसं बांधलीस, आई. माझ्या बाची तेवढी न्हाय. आता हे पोर गेलं तर मी जगणार न्हाय. तुला सांगून ठेवते."

तिनं आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत पोर फिरत होतं. झुंबरबाईनं हात काढून घेतला आणि म्हणाली, "सकाळी या अंगणात. बांधून ठेवते." पाहुण्यांची सोय खाली ज्ञानूच्या घरी केली. ज्ञानू म्हणजे शेजारी, आजवर तिची सगळी माणसं ओढ्याकाठच्या मसणात वाहून नेलेला.

ती दुपारीच वर गेली, गवत कापून आणलं आणि पडवीत बसली. आधी पायांच्या दोन पेंढ्या, मग कंबर, मग छाती. हात आपले आपण चालत होते. तोंडानं ती बोलत होती, "अवो, रागावू नगा. पोरीसाठी करायलोय." डोकं बांधून झाल्यावर तिनं माणूस उचलून दाराच्या चौकटीशी उभा केला. आण्णा उंच होता, आत येताना हटकून चौकटीला कपाळ आपटून घ्यायचा. हा माणूस चौकटीच्या हातभर खाली राहिला.

गवत आखूड पडलं, असं तिला वाटलं. सगळं सोडून लांब काड्या निवडून तिनं परत बांधला. परत तेवढाच. आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्यांदा तिनं प्रत्येक पेंढीवर नजर ठेवली, वितीनं मोजून मोजून बांधलं आणि उभा करून मागं सरकली. आण्णाचा सदरा त्याच्या अंगावर चढवला तर बाह्या लोंबल्या. खांदे अरुंद, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला. जन्मभर कमरेवर घागरी वाहून बाईचा उतरतो तसा.

ऊन कलतं झालं होतं. भिंतीवर दोन सावल्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. झुंबरबाईनं त्या बघितल्या. कुठली आपली आणि कुठली त्याची, हे कळायला तिला हात हलवावा लागला.

ती भ्याली. खोटं कशाला सांगा, एवढी माणसं ओढ्याला लावलेली बाई स्वतःच्या पडवीतून अंगणात पळाली. सगळं विस्कटून चुलीत घालावं, असंही तिच्या मनात आलं. पण चूल पेटवायला वाकली तेव्हा तळहाताला अजून मोनाच्या पोटातली ती हालचाल जाणवत होती. मग ती तिथंच चुलीपुढं बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिला उलगडलं. आण्णा गवतात यायला तयार नाही. तो गेलेला नाही, मग येईल कसा? आणि तो नसलेल्या गवताला अग्नी दिला, तर पोरीच्या वाट्याला पुन्हा तेच यायचं. त्याला एकट्याला करमत नाही, एवढंच तर खरं आहे. मग सोबतीला कुणी जायचं? ज्यानं जन्म काढला त्यानं, की ज्यानं अजून जग बघितलं नाही त्यानं?

यात हिशेब करण्यासारखं काही नव्हतं. तिनं सदरा उतरवला. पेटीतलं आपलं तांबड्या काठाचं हिरवं लुगडं काढलं, ते त्या गवताच्या अंगाला नीट नेसवलं, गळ्यापर्यंत घट्ट लपेटलं आणि वरून आण्णाचं धोतर, सदरा, पटका चढवला. बाहेरून कुणालाही आण्णाच दिसला असता, जरा वाळलेला.

सकाळी धुकं होतं. पोटुशी बाई मसणात जात नाही, म्हणून गाठ अंगणातच मारायची ठरली. ताटीवर माणूस आडवा ठेवला होता. धुक्यानं कुसळं फुगली होती आणि सदऱ्याच्या आत बारीक करकर चालली होती, कुणी दात खात झोपावं तशी. ऋतुराज दोन पावलं मागं सरकला. ज्ञानू मान खाली घालून उभा होता.

मोना सावकाश गुडघ्यावर बसली. झुंबरबाईनं पिळलेल्या गवताचा बंद तिच्या हातात दिला. गळ्याखालून बंद ओवायचा, तर सदऱ्याची कॉलर बाजूला करावी लागते. मोनानं ती केली, आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

आत हिरवं लुगडं होतं. तांबडा काठ. बा नाहीसा झाल्यावर कित्येक रात्री याच पदराखाली ती झोपली होती. दुसऱ्या कुणाला नसतं ओळखू आलं, पण तिला ओळखायला क्षणही लागला नाही.

तिनं मान वर केली. मायलेकींची नजर एकमेकींत अडकली. माणूस कुणाचा आहे ते पोरीला कळलं, आणि पोरीला कळलं हे आईला कळलं. छावणीत सापडलेल्या त्या गड्याची गोष्ट मोना लहानपणापासून ऐकत आली होती. गाठ मारली तर काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"मार, बाळ," अंबूबाई मागून हळूच म्हणाली. "जास्ती येळ बसू नगं."

झुंबरबाईला गाठ बसायलाच हवी होती. त्यासाठीच तिनं सगळं केलं होतं. पण त्या घडीला, आपलीच आपल्याला लाज वाटावी असं काहीतरी तिच्या मनात उठलं. पोरगी किंचाळेल, "आई, हे काय केलंस" म्हणेल, बंद फेकून देईल. निदान हात तरी कापेल. एकदा तरी.

मोनाचा हात कापला नाही. तिनं कॉलर ओढून तो तांबडा काठ झाकला, कुणाला दिसणार नाही असा नीट झाकला. मग बंद ओवला, ओढला, आणि गाठ मारली. वर दुसरी मारली.

सदऱ्याच्या आतली करकर थांबली. माणसं ताटी उचलून ओढ्याकडं गेली. झुंबरबाई अंगणात उभी राहून धूर बघत होती. गळ्याला काही झालं नाही, छातीत काही झालं नाही. उलट अंग हलकं वाटत होतं. मनासारखं झालं होतं, तरी तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते थांबत नव्हतं.

पौषात मोनाला मुलगी झाली. धडधाकट, गोरीपान. नाव राजनंदिनी ठेवायचं ठरलं.

मधल्या दिवसांत झुंबरबाई जित्या माणसासारखीच वावरत होती. फक्त तिला भूक लागेनाशी झाली. दारापुढून ती जायची तेव्हा ज्ञानूचं कुत्रं भुंकायचंही नाही आणि शेपटीही हलवायचं नाही. भर रानातून चालून आली तरी तिच्या लुगड्याला एक कुसळ चिकटलेलं नसायचं. बारशाला ती एसटीनं बिद्रीला निघाली. अर्ध्या तिकिटासाठी म्हाताऱ्यांची आधारकार्डं उलटीपालटी करून बघणारा कंडक्टर तिच्या शेजारच्या सीटचं तिकीट फाडून तसाच पुढं गेला. तिनं पैसे पुढं केले होते. त्याचं लक्षच गेलं नाही.

बारशाचं घर माणसांनी भरलं होतं. बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या, आणि झुंबरबाई भिंतीशी बसली होती. गडबड ओसरल्यावर मोना आतल्या खोलीत पोरीला पाजत होती, तिथं ती गेली.

मग झुंबरबाईनं विचारलं, "मोने, तुला काठ दिसला व्हता न्हवं?"

मोनानं पोरीवरची नजर काढली नाही. "व्हय."

"बरं."

पदरानं डोळे पुसत मोना म्हणाली, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मीबी तेच केलं की, बाळा," झुंबरबाई म्हणाली, आणि पोरीच्या पायांवरून घसरलेलं दुपटं तिनं वर ओढून घातलं.